नानांचा नंबर

नाना चष्मा लावत नाहीत, आणि दुसऱ्याने लावलेला त्यांना बघवत नाही. नवा भाडेकरू सामान उतरवत असतानाच ते त्याला जिन्यात गाठतात. नाव-गाव नंतर, पहिला प्रश्न: "नंबर किती?" बिचारा फ्लॅटचा नंबर सांगतो. नाना त्याच्या नाकाकडे बोट दाखवतात. "तो नव्हे, हा! सहा महिन्यांत उतरवून देतो."

पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर असताना नानांनी जन्मभर दुर्बिणीतून कालव्यांची पातळी पाहिली. निवृत्तीनंतर त्यांना डॉ. विल्यम बेट्स सापडले. हे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ. चष्म्याविना दृष्टी सुधारण्यावर त्यांनी १९२० साली पुस्तक काढलं. जवळचं-लांबचं पाहताना बाहेरचे स्नायू अख्खा नेत्रगोलच लांब-आखूड करतात, असं त्यांचं म्हणणं. खरं तर हे काम डोळ्यातलं भिंग आकार बदलून करतं, हे हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. पण ऑल्डस हक्स्लेने १९४२ साली बेट्सच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात डॉ. अगरवालांनी डोळ्यांची शाळा चालवली, आणि नानांना तेवढं पुरलं. भिंगाचा विषय काढला की ते विचारतात, "हक्स्ले काय मूर्ख होता?" हक्स्ले कादंबरीकार होता, हे सांगायची सोय नाही.

सकाळी सहाला नाना गच्चीवर. आधी अंगठा नाकासमोर, मग पर्वतीचा कळस. पुन्हा अंगठा, पुन्हा कळस. मग कठड्याशी उभं राहून डावीकडून उजवीकडे डुलणं. शेवटी पामिंग: तळवे चोळायचे, मिटल्या डोळ्यांवर अलगद ठेवायचे आणि पूर्ण काळोख पाहायचा. नानांना तो इतका पूर्ण दिसतो की पाच मिनिटांत घोरणं ऐकू येतं. संध्याकाळी त्राटक. नानींनी देवापुढे लावलेलं निरांजन नाना स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतात. "देवाला काय अंधारात ठेवायचं?" हा नानींचा रोजचा सवाल. बेट्स उन्हाकडेही पाहायला सांगत, पण तेवढं नानींनी होऊ दिलं नाही. सूर्याकडे टक लावली तर डोळ्याचा पडदा भाजतो, तेव्हा या बाबतीत नानींचंच ऐकावं.

इतकं करून नानांना जे दिसत नाही, त्यात दोष नेहमी त्या वस्तूचा. पेपरवाले शाई वाचवतात. बसचे बोर्ड मुद्दाम पुसट ठेवतात. औषधाच्या पट्टीवरची तारीख कुणी वाचूच नये अशीच छापतात. (हे मात्र मलाही पटतं.) मागे गोडबोले-साने यांच्या लग्नाला नाना पुढे गेले आणि शेजारच्या हॉलमध्ये गोखले-माने यांच्या पंगतीला बसले. नानी शोधत पोचल्या तेव्हा जिलबीचा दुसरा आग्रह चालू होता आणि आहेराचं पाकीट मानेकाकूंच्या पर्समध्ये गेलं होतं. "अहो, पाटी तरी वाचायची!" "अगं, फुलांनी अक्षरं काढल्यावर कोण काय वाचणार?" पाकीट परत मागायला नाना तयार नव्हते. मंडळी चांगली होती, म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला मुलगा मात्र नानांचं नाव आदराने घेतो. दिवसभर स्क्रीनकडे पाहून त्याचे डोळे चुरचुरायचे. नानांनी त्याला दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, निदान वीस फुटांवरचं काहीतरी पाहायला लावलं. वर पापण्या मुद्दाम मिटायची ताकीद. चुरचुर कमी झाली. यात चमत्कार नाही. स्क्रीनपुढे आपण पापण्या मिटायचं विसरतो आणि डोळे कोरडे पडतात. लांब पाहिलं की जवळचं पाहून आखडलेला आतला स्नायूही सैलावतो. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट जुळत नसतील, तर डॉक्टरसुद्धा पेन्सिलीचा व्यायाम देतात. मुलाचा नंबर होता तेवढाच राहिला, पण नाना त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, "बघा, वाढला का?"

चाळिशीनंतर भिंग ताठर होत जातं, त्याला अंगठा आणि पर्वती काय करणार? नानांनी त्यावरही तोड काढली होती, हात लांब करायची. हात पुरेना तेव्हा पेपर टीपॉयवर आणि नाना भिंतीला टेकून, अशी बैठक ठरली. पुढे त्यांना दिव्यांभोवती वलयं दिसू लागली. नाना म्हणाले, त्राटक सिद्ध झालं. नानींनी त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ते म्हणाले, मोतीबिंदू.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, कृत्रिम भिंग बसलं, पट्टी निघाली आणि खिडकीतून नानांना पर्वतीच्या पायऱ्या दिसल्या. त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि पामिंगचे फायदे समजावून सांगितले. डॉक्टरांनी वाचायचा नंबर लिहून दिला. नाना त्याला "तात्पुरता" म्हणतात. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याचंही श्रेय बेट्सनाच जाणार, हे घरात सगळ्यांनी आत्ताच मान्य केलं आहे.