बर्नर पेटण्याआधी

सर काडी ओढत आणि थेट हायडलबर्गला निघून जात. "बर्नर बन्सनच्या नावावर खपला, पण घडवला पीटर डेसागा नावाच्या कारागिरानं, 1855च्या सुमारास. घेतं का कुणी त्याचं नाव?" आमचं लक्ष काडीवर. ज्योत बोटाला टेकली की सर "आई गं" म्हणून परत येत, दुसरी काडी ओढत आणि पुन्हा जात. तोवर गॅसचा कॉक उघडायचा नाही, अशी लॅबमधल्या मामांची पहिल्या दिवसापासून ताकीद होती.

ॲप्रनला ॲसिडची भोकं आणि अठराव्या शतकाशी घरोबा, असे एक सर दर दोन-चार कॉलेजांमागे सापडतातच. आमच्या सरांचा प्रीस्टली तर जणू शेजारच्या वाड्यातला. "1 ऑगस्ट 1774. भिंगानं ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवतोय. ऑक्सिजन हातात आलाय, आणि गड्याला कळतच नाही!" सख्ख्या पुतण्यानं चालून आलेलं स्थळ नाकारावं, तसा सरांचा चेहरा होई. मग पॅरिस, लाव्हाझिए, गिलोटिन. 8 मे 1794 या तारखेला त्यांचा आवाज हमखास बसे. लाव्हाझिए गेला की मामा आत चहा टाकत. रोजचा हिशेब होता.

इतिहास शिकवावा, पण टायट्रेशनच्या मधोमध नाही, हे माझं तेव्हाचं मत आजही कायम आहे. तेव्हा पिपेट तोंडानं ओढायची. एकदा कॉस्टिक सोडा दहा मिलीच्या खुणेपर्यंत आणून मी वर बोट दाबलं, तोच सर कानाशी. "शेले! स्वीडनचा औषधवाला. नव्या रसायनाची चवसुद्धा टिपून ठेवायचा. प्रुसिक ॲसिडचीही!" इथे ते जरा थांबले. "43व्या वर्षी गेला." माझं बोट कधी सुटलं कळलं नाही. सोडा फ्लास्कऐवजी जर्नलवर. कडेला फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब सांडलेला होता, तिथे पान गुलाबी झालं.

"एंड पॉइंट ओलांडलास," सर म्हणाले.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नलनी विचारलं, "फ्लेम टेस्टमध्ये पोटॅशियमचा रंग?" जांभळट, एवढं म्हणून सुटलो असतो. पण तोंडून निघालं ते ड्युर्कहाइमचं पाणी. बन्सन आणि किर्शॉफनी ते 40 टनांहून जास्त आटवलं, आणि 1860 साली वर्णपटात दोन निळ्या रेघा दिसल्या, तो सीझियम. एक्स्टर्नलनी पेन खाली ठेवलं. "आणि रुबिडियम?"

"पुढच्याच वर्षी!" सर मागून ओरडले आणि स्टूल ओढून बसले.

अर्ध्या तासानं माझं सॉल्ट टेस्ट ट्यूबमध्ये तसंच गढूळ होतं. रांगेतली पोरं माझ्याकडे खाऊ की गिळू बघत होती. मामांनी दारातून डोकं आत घातलं.

"लाव्हाझिए झाला का? आज दोन कप टाकतो."