मागनं या

कोल्हापुरात रस्ता विचारू नये. विचारायचाच असेल, तर पुढचे दोन दिवस मोकळे ठेवून विचारावा. आम्ही पुण्याचे चौघे मित्र शनिवारी सकाळी भवानी मंडपाजवळ गाडी लावायला जागा शोधत होतो. काच खाली करून एका मोटारसायकलवाल्याला तेवढंच विचारलं. त्यानं डावं-उजवं काही सांगितलं नाही. ‘मागनं या,’ म्हणाला आणि किक मारली. रविवारी दुपारपर्यंत आम्ही त्याच्या मागनंच हिंडत होतो.

त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हा माणूस तिथे पेठेपेठेत सापडतो. वय चाळीस ते साठमधलं काहीही. कामधंदा असतो, पण पाव्हणे दिसले की तो बहुधा आपोआप चालत असावा. त्याचं पहिलं काम म्हणजे आपण मोबाईलमध्ये जपून आणलेली नामवंत मिसळींची यादी रद्द करणं. ‘तितं भाएरचं लोक खात्यात.’ मग तो पाटी नसलेल्या बोळात नेतो. मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, कटाची किटली फिरते. आमच्यातल्या एकानं निरागसपणे विचारलं, ‘यात पोहे नसतात का?’ तेव्हा त्यानं त्याच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि त्याच्या ताटलीत आणखी कट ओतायला लावला.

स्वतः तो खात नाही. आपल्या कपाळाकडे बघत बसतो. घाम फुटला की समाधानानं पैसे द्यायला उठतो. आपण खिशातून मोबाईल काढेपर्यंत मालकानं पैसे भरायच्या त्या चौकोनावर हात ठेवलेला असतो. हे सगळं नुसत्या नजरेनं ठरतं. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस त्यानं आयुष्यभर पाहिलेत. त्याला आता फक्त ते पहिल्यांदा बघणाऱ्याचं तोंड बघायचं असतं. म्हणून देवळात आपण मूर्तीकडे बघतो आणि तो आपल्याकडे.

त्याच्या मते आपण कधीही गेलो तरी चुकीच्या वेळी गेलेलो असतो. ‘आत्ता आलाय व्हय? किरणोत्सवाला याचं हुतं!’ मग नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीच्या पायांपासून मुखापर्यंत कशी चढत जातात, हे तो आपल्याच अंगावर बोट फिरवून दाखवतो. आपण किरणोत्सवाला गेलो असतो, तर त्यानं नवरात्र काढलं असतं.

खासबाग मैदान तर त्याच्याबरोबरच बघावं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेलं, मधला हौदा खोलगट, भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. आम्ही मान डोलावली. तेवढ्यानं त्याचं भागेना. आम्हा चौघांना चार दिशांना लांब लांब बसवून तो खाली उतरला, चपला काढल्या, माती कपाळाला लावली आणि पोट सावरत मोकळ्या मैदानात शड्डू ठोकला. ‘दिसलो का?’ ‘दिसलात!’ चारही बाजूंनी खात्री झाल्यावरच तो वर आला.

त्या चपला अर्थातच कोल्हापुरी होत्या. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यानं आम्हाला दोनदा सांगितलं. त्या मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत, हे एकदाही नाही.

रात्रीचं जेवण हॉटेलात होणार नव्हतं, हे तोवर आम्हीही ओळखलं होतं. घरी मटण आधीच चढलेलं. वहिनी शांतपणे वाट्या मांडत होत्या. त्यांनी एकच विचारलं, ‘तुमाला कुटं गाठलं ह्यांनी?’ म्हणजे आम्ही पहिले नव्हतो. पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा, मग तांबडा, मग ‘तांबड्यानं तोंड भाजलं आसंल’ म्हणून पुन्हा पांढरा. या न्यायाला शेवट नसतो. ‘बास’ हा शब्द त्या घरात कुणालाच ऐकू येत नाही. तिथून उठून पुन्हा गाडीत, तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर. समोर म्हैस, धार काढून लगेच हातात फेसाळता पेला. मटणावर दूध चालतं का, असं आमच्यातल्या डॉक्टरनं विचारलं. ‘कोल्हापुरात चालतंय.’ डॉक्टर दोन पेले प्याला.

रविवारी दुपारी निरोप घेतला. म्हणजे आम्ही घेतला. त्यानं तो दिला नव्हता. शिरोली ओलांडून गाडी महामार्गाला लागली, मागची सीट आडवी झाली, पट्टे सैल झाले आणि संध्याकाळी कुणी जेवायचं नाही असा ठराव एकमतानं मंजूर झाला. तेवढ्यात फोन वाजला.

‘कुटं पोचलाय? बरं, कराडात कोल्हापूर नाक्याला गाडी हळू घ्या. मेव्हणा डबा घिऊन हुबा हाय. त्याच्या मागनं जावा.’