खून पाहावा वाचून

आमचे भाऊजी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात, पण निजताना दोन-तीन खून वाचल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नाही. लहानपणी झुंजार आणि काळापहाड वाचनालयातून थेट उशीखाली यायचे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे मालाची टंचाई कधी नव्हती. आता मुडदे आयात होतात, स्वीडनचे, जपानचे. केगो हिगाशिनोचा गणिताचा मास्तर तर त्यांना सख्ख्या भावापेक्षा जवळचा. (सख्ख्या भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे, ते सोडा.)

खुनी कोण हे पन्नासाव्या पानावरच ओळखलं होतं, असं ते शेवटचं पान मिटून सांगतात.

चार दिवसांपासून त्यांचा चष्मा बेपत्ता आहे. तपास ताईकडे आहे.