निरोप गेला, पण कुणाकडे?

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधल्या आमच्या ओळखीच्या एका शेठनी गणपतीत वेबसाइट काढली. सोफे, दिवाण, टीव्ही युनिट, सगळ्यांचे फोटो आणि तळाशी ‘आमच्याशी संपर्क साधा’ असा फॉर्म. होळी आली तरी त्यातून एक चौकशी नाही. शेठनी निकाल देऊन टाकला : “ऑनलाइनचं काही खरं नाही. फोम दाबून बघितल्याशिवाय कोणी सोफा घेतो का?”

तेवढ्यात बदलापूरहून एक काका आले आणि फोम न दाबताच भांडायला लागले. “तीनदा लिहिलं तुम्हाला! दर वेळी ‘धन्यवाद, लवकरच संपर्क साधू’. घरी सून म्हणते, बाबा, तुम्हीच नीट भरलं नसेल.”

काकांनी नीटच भरलं होतं. जेवढं भरू दिलं तेवढं. राज्यांची यादी अलाबामापासून सुरू होत होती. महाराष्ट्र तीत नव्हताच, म्हणून काकांनी त्यातल्या त्यात ‘म’चं बघून मेरीलँड निवडलं. पिन कोडच्या चौकटीत पाचच आकडे मावत होते, म्हणून ४२१५०३ मधला शेवटचा तीन बाहेर उभा राहिला. उल्हासनगरला ‘यूएसए’ म्हणायचा विनोद आता इतका शिळा झालाय की सांगणाराही हसत नाही. या फॉर्मने मात्र तो खराच करून दाखवला.

वेबसाइट शेठच्या भाच्याने एका रात्रीत केली होती. कुठलासा फुकटचा तयार नमुना उचलला, फोटो बदलले, दुकानाचं नाव टाकलं. आता, फॉर्मच्या पोटात एक ओळ असते : भरलेला मजकूर कुठे न्यायचा त्याचा पत्ता. ती तशीच राहिली. म्हणजे गणपती ते होळी शेठच्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर आणि दिवाणखान्यांची मापं मूळ नमुनेवाल्याच्या सर्व्हरवर जाऊन पडत होती. त्या भल्या माणसाला एव्हाना निम्म्या बदलापूरच्या बैठकीच्या खोल्या पाठ झाल्या असतील.

नकलेवरून या गावाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. इथला सुतार परक्या कॅटलॉगमधला सोफा उचलतो, पण आधी टेप काढतो. जिन्याचं वळण मोजतो, दाराची चौकट मोजतो, मगच करवत लावतो. भाच्याने टेप काढली नाही, एवढंच.

“पण एचटीटीपीएस आहे की! म्हणजे सिक्युअर,” भाचा म्हणाला. आहे. त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था फुकट देते, तेव्हा ते नसायला कारणच नाही. पण त्याचा अर्थ इतकाच, की पाकीट वाटेत कोणी फोडत नाही. पाकिटावरचा पत्ताच चुकीचा असेल तर ते चुकीच्या घरी अगदी सुरक्षित पोचतं.

पत्त्याच्या रकान्याची तर वेगळीच कथा. ‘स्ट्रीट’ भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. हे गाव म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं, तरी इथला पत्ता अजून बॅरक नंबर, रूम नंबर, सेक्शन सतरा आणि ‘अमक्या स्वीटवाल्याच्या मागे’ असाच सांगतात. यात स्ट्रीट कुठली काढायची? आणि नुसती किंमत विचारणाऱ्याचा पत्ता हवाय कशाला? जन्मतारीखही मागितली होती. सोफ्याला पत्रिका जुळवायची असेल. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा म्हणतो, ज्या कामासाठी माहिती मागता त्याला लागेल तेवढीच घ्या. इथे नाव, फोन आणि निरोप पुरे.

भाच्याने मग फॉर्म नव्याने बांधला, आणि उत्साहाच्या भरात चित्रं ओळखायचं कोडं बसवलं. ‘झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन निवडा.’ अहो, ओळखायला आधी ते कुठे पाहिलेलं असावं लागतं! कोडं काढायला लावलं. त्याऐवजी एक जुनी युक्ती केली : फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवला. स्पॅम टाकणारं यंत्र हावरट, दिसेल ते भरतं. तो रकाना भरलेला आला की निरोप कचऱ्यात. सगळी यंत्रं फसत नाहीत, पण दुकानापुरतं भागतं.

यंत्रापेक्षा डोकेबाज माणसाची भीती जास्त. १९९५ साली मॅट राइट नावाच्या पोराने ‘फॉर्ममेल’ नावाची छोटी स्क्रिप्ट फुकट वाटली आणि जगभरच्या साइटींनी ती लावली. पुढे स्पॅमवाल्यांनी तिच्या ढिल्या तपासणीचा फायदा घेऊन परक्यांच्या सर्व्हरवरून ढीगभर मेल सोडले. आजही नावाच्या रकान्यात गुपचूप नवी ओळ घुसवून मेलचे आणखी पत्ते जोडता येतात, सर्व्हरवर तपासलं नसेल तर. भाच्याची तपासणी होती फक्त ब्राउझरमध्ये. म्हणजे पुढच्या शटरपाशी वॉचमन आणि मागचं गोदाम सताड उघडं.

एवढं करून पहिला चाचणीचा निरोप सापडला तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये. फॉर्म गिऱ्हाइकाच्याच जीमेलचं सोंग घेऊन मेल पाठवत होता, आणि जीमेलला ते पटेना. पाठवणारा म्हणून दुकानाचा स्वतःचा पत्ता घातला, गिऱ्हाइकाचा पत्ता उत्तरासाठी वेगळा ठेवला, मग निरोप इनबॉक्समध्ये आला.

काका सोफा घेऊन गेले. फोम दाबून.

तुमच्या दुकानाची, क्लासची, दवाखान्याची साइट असेल तर आज रात्री परक्याच्या फोनवरून स्वतःलाच एक निरोप धाडून बघा. उद्यापर्यंत तो तुम्हाला मिळाला नाही, तर भाच्याला फोन करा.