डायमंडभाऊ

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या आसपास कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे शिरा, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर डायमंडभाऊ बसलेला असतो. खरं नाव रेशनकार्डावर असेल. शिमगा, गणपती आणि नाक्यावरच्या वाढदिवसांपायी ते मागे पडलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच मागणं घेऊन येतं, "भाऊ, नाव जरा चमकलं पाहिजे हां."

भाऊ कोरलड्रॉ उघडतो. एक बारकं वर्तुळ, त्यात करड्या-पांढऱ्या त्रिकोणांचे पैलू, वर उजेडाचा एक ठिपका. झाला खडा! खरे खडे कापायच्या यंत्राचं पेटंट घ्यायला त्या स्वारोव्हस्कीला 1892 साल उजाडावं लागलं. भाऊचं कंट्रोल-डीवर भागतं. श्रीलिपीतलं नाव कर्व्ह करायचं, दोन खड्यांना ब्लेंड मारायचा, अक्षराची कड दाखवायची. खडे रांगेत पळत जाऊन बसतात.

इंग्रजी नाव असेल तर काम इथंच संपतं. मराठीत काना शिरोरेषेला मिळतो तिथं एसटी स्टँडवर गौरी-गणपतीत होते तशी चेंगराचेंगरी होते. मग भाऊ चष्मा कपाळावर सरकवून, नाक स्क्रीनला टेकवून, एकेक खडा उचलतो. पगारवाढ मागतानाही इतका गंभीर नसतो. कारण चुकार खडा शिरोरेषेच्या वर राहिला की बाबूशेठचे बांबूशेठ होतात, आणि शेठ फ्लेक्सचे पैसे देत नाहीत.

एवढं करून दहा बाय वीसचा बॅनर विजेच्या खांबावर चढतो. रस्त्यावरून खडा काही दिसत नाही, दिसते ती अक्षराभोवतीची पांढुरकी बुरशी. पण गिऱ्हाईक बॅनर बघतच नाही. ते व्हॉट्सअॅपवर आलेली इमेज दोन बोटांनी मोठी करतं आणि खडे मोजतं.

भाऊला कुठं थांबावं हे कळत नाही असं मात्र नाही. श्रद्धांजलीच्या बॅनरला तो स्वतःहून खडे लावत नाही. घरचेच हळूच विचारतात, "आबांच्या नावाला थोडे...?" भाऊ सुस्कारा टाकतो आणि लावतो. फक्त पांढरे.

तुमचं काम असेल तर शुद्धलेखन आधीच तपासून न्या. एकदा खडे बसले की 'हार्दीक'चं 'हार्दिक' करायला भाऊ ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही.