आत्याच्या सुईचा वाघ

देवरुखात थंडी पडते, यावर देवरुखकरांची श्रद्धा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव, त्यामुळे पहाटे रत्नागिरीपेक्षा अंमळ जास्त गारवा, एवढं खरं. पण दिवाळी सरली की घरोघरच्या आत्या-मावश्या ज्या तडफेने लोकर बाहेर काढतात, ती पाहून मार्लेश्वरच्या डोंगरावर बर्फ पडलं की काय, अशी शंका यावी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या मुलखाचं खरं शिरस्त्राण म्हणजे इरलं. पण भाच्याला कुणी इरलं करून पाठवत नाही. इरल्याला कान नसतात.

पूर्वी बाळंतविड्यात कुंची, टोपडं, झबलं आणि दुपटं असे. कुंचीने डोकं, कान नि पाठ झाकायची, बाकी अपेक्षा नव्हती. आता टोपड्याला बढती मिळून त्याचा वाघ, ससा, घुबड किंवा बेडूक झाला आहे. फर्माईश पुण्या-मुंबईहून मोबाइलवर येते, सोबत कुठल्याशा गोऱ्या बाळाचा फोटो: "आत्या, अश्शीच हवी!" आत्या चष्मा पुसते, फोटो मोठा करून बघते आणि म्हणते, "यात काय एवढं?"

मग क्रोशाची सुई चालू होते. आधी सहा मुके खांब, पुढच्या फेरीला बारा, मग अठरा, मग चोवीस. घेर पुरेसा झाला की वाढवणं थांबवायचं, टोपी आपोआप खाली वळते. ही मोजणी भाजी निवडताना, मालिका बघताना मनात चालूच असते. अशा वेळी कुणी "किती वाजले गं?" विचारलं, तर उत्तर येतं, "बेचाळीस."

गावाला मावशीपणाची थोर परंपरा आहे. 1954 साली इथे 'मातृमंदिर' सुरू करणाऱ्या इंदिराबाई हळबे मावशी म्हणूनच ओळखल्या गेल्या. त्यांच्या कामाची सुरुवात प्रसूतिगृहापासून झाली. आजच्या मावशीचं काम त्यापुढचं, म्हणजे सुखरूप जन्मलेल्या बाळाचा बेडूक करण्याचं.

अडचण एकच, बाळाचं डोकं. जन्मतः त्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो, पहिल्या वाढदिवसापर्यंत तो 46 च्या घरात जातो. बारशात माप घेतलेला वाघ उष्टावणाला पोचतो, तेव्हा तो डोक्यावर बसत नाही, नुसता टेकतो. ब्रिटनमधल्या विणणाऱ्यांनी यावर तोडगा काढलाय. तिथे 2003 साली ज्येष्ठ नागरिकांच्या मदतनिधीसाठी स्मूदीच्या बाटल्यांना इवल्या लोकरी टोप्या घालायला सुरुवात झाली. बाटलीचं डोकं वाढत नाही, शिवाय ती टोपी ओरबाडून फेकत नाही. अमेरिकेत 21 जानेवारी 2017 ला मांजराच्या कानांच्या गुलाबी टोप्या घालून बायका मोर्चात उतरल्या. त्यांनी निदान स्वतःच्या डोक्यावर घातल्या.

आपल्याकडे मोर्चा निघतो तो संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला. अंगात काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने, आणि मुकुटाच्या जागी अॅक्रिलिकचा ससा. बाळ घामाने निथळतं, भोकाड पसरतं, चार जण खुळखुळे वाजवतात आणि रडण्याच्या दोन सुरांमधल्या फटीत फोटो उरकतो. नवजात बाळाचे पहिले काही तास सोडले, तर घरात बाळाला टोपी घालू नये, अंग जास्त तापतं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली सांगितलंय. पण तो कागद घेऊन आत्यासमोर उभं राहणार कोण?

तेव्हा आत्यांनो, यंदाही विणा, जरूर विणा. फक्त माप ताजं मागवा आणि वर दोन बोटं सैल ठेवा. लोकरीऐवजी सुती दोरा घ्या. वाघाला बटणांचे डोळे लावू नका, बाळं ती तोडून गिळतात. डोळे दोऱ्यानेच भरा. आणि आयांनो, फोटो झाला की टोपी लगेच काढा.