माळ्यावरचा लॅपटॉप नोकरीला लागतो

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले आणि घराघरांतले धडधाकट लॅपटॉप रातोरात सेवानिवृत्त झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. २०१२ सालचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह या भरतीत बसत नाही. स्क्रीन शाबूत, कीबोर्ड शाबूत, फक्त कागदपत्रं अपुरी.

अशा वेळी प्रत्येक गोतावळ्यात एक लिनक्सवाला काका उगवतो. त्याच्या खिशात पेनड्राइव्ह असतो आणि पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची प्रणाली. लग्नाच्या पंगतीतही तो शेजारच्याला ‘रॅम किती?’ विचारतो. “फेकू नका, मी बघतो,” एवढं तो बोलला की काकूंच्या पोटात गोळा येतो, कारण मागे ‘बघायला’ आणलेले सीपीयू अजून दिवाणाखाली आहेत. (मराठी घरात अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, काकाने दुरुस्ती करून पाहिली, कुणी मनावर घेतली नाही.)

पंचाईत अशी, की काकाचं म्हणणं खरं असतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली, की चार जीबीवाला लॅपटॉपही कामाला लागतो.

“पण गेम चालतात का?” भाचा विचारतो. काका खुर्ची पुढे ओढतो. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’चं काम १९९३ पासून सुरू आहे, त्याच्याच आधाराने व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणला, २०२२ मध्ये आलेला त्यांचा स्टीम डेक हा हातात धरायचा गेम-संगणक तर लिनक्सवरच चालतो. सगळं खरं. एवढंच, की डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-यंत्रणेचं काम व्हल्कनकडून करून घेणाऱ्या, प्रोटॉनमधल्या डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं, आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सवर व्हल्कन अर्धवट आहे. ड्रायव्हर स्वतःच तसा इशारा देतो. व्हॅलोरंटचं नावच काढू नये. त्यातली चोरट्या खेळाडूंना पकडणारी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही. भाचा मुकाट्याने मोबाइल काढतो.

मग सुरू होतो तो काकाचा स्वतःचा खेळ. १९९३ च्या ‘डूम’चा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, तोही लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉसमधली आवाजाची लायब्ररी परक्या मालकीची होती. तेव्हापासून डूम कशावरही चालतो. डॉसबॉक्समध्ये जुन्या फ्लॉप्यांवरचे गेम उठून बसतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ला एसडीएलपॉप नावाचा लिनक्सवतार मिळालाय. राजकन्येला सोडवायला तेव्हाही साठच मिनिटं होती, आताही तेवढीच. काकाला मात्र साउंड कार्ड सोडवण्यातच अख्खा रविवार लागतो आणि राजकन्या वाट बघत बसते.

या प्रेमकथेतली एक गोष्ट काका कधी सांगत नाही. हेलसिंकीत १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ संगणकावर. २०१२ च्या डिसेंबरात त्याच ३८६ चा आधार लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, काढण्यात आला, आणि आपण भावनिक वगैरे नाही, असं टोरवाल्ड्सने वर सांगूनही टाकलं. त्याच्या घरी दिवाण नसावा.

शेवटी लॅपटॉपला घरकाम मिळतं. पाय-होल बसवलं, की घरातल्या सगळ्या फोनवरच्या बऱ्याच जाहिराती दारातच अडतात. यूट्यूबच्या मात्र अडत नाहीत आणि जबाब काकाला द्यावा लागतो. सांबामुळे लग्नाचे फोटो सगळ्यांना बघता येतात, जेलीफिनमुळे सिनेमे टीव्हीवर दिसतात. बॅटरीत थोडी धुगधुगी असली तर वीज गेल्यावरही यंत्र चालू राहतं. सर्व्हरला फुकटात यूपीएस मिळाला, हे काका पाहुण्यांना दोनदा सांगतो.

पण आजीला उघडं झाकण बघवत नाही. पुसता पुसता ती ते लावते, लॅपटॉप झोपतो, सोबत पाय-होलही, आणि आतल्या खोलीतून “नेट गेलं!” अशी आरोळी येते. उपाय सोपा आहे: झाकणाकडे लक्ष ठेवणाऱ्या लॉगइनडीच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली, की झाकण लावलं तरी यंत्र जागं राहतं. काकाने ती बदलली. झाकण लावूनही नेट जात नाही म्हटल्यावर आजीने वर क्रोशाचा रुमाल घातला, त्यावर गणपती ठेवला, आणि आता आतला पंखा एवढ्या जोरात का फिरतो याचा शोध काका टर्मिनल उघडून घेत आहे.